डिझाइन एजन्सी : क्लायंटला नकार कोण देतो?

कोरा_कागद (धागाकर्ता)

डिझाइन एजन्सीत काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या मंडळींनी तिथल्या वातावरणाबद्दल आणि वरिष्ठांच्या कामाच्या पद्धतीबद्दल मोकळेपणाने लिहावे, यासाठी हा धागा काढत आहे. एजन्सीचे नाव कोणीही लिहू नये, ही विनंती. नाव आले की चर्चा त्या एका जागेपुरती उरते आणि इतरांना आपल्याकडे तसे काही नाही असे मानून घेता येते.

सुरुवात मी करतो. ब्रँडिंग आणि पॅकेजिंग हे माझे क्षेत्र असून मी वेगवेगळ्या आकारांच्या एजन्सींमध्ये काम केले आहे. जिज्ञासा, धाडस, सहकार्य हे शब्द प्रत्येक ठिकाणी दर्शनी भागात लिहिलेले होते. पण एका ठिकाणी माणसे वर्षानुवर्षे टिकत होती आणि दुसऱ्या ठिकाणी वर्ष सरण्यापूर्वी निम्मी टीम बदललेली असे. पगारात मोठा फरक नव्हता, कामाचा दर्जाही जवळपास सारखाच होता. या फरकाचे कारण शोधताना मला एक प्रश्न सर्वांत उपयोगी ठरला आहे: क्लायंटने अवाजवी मागणी केली तर त्याला नकार कोण देतो, आणि कोणीच दिला नाही तर ती मागणी कोणाच्या अंगावर पडते?

उदाहरण देतो. आठवडा संपता संपता क्लायंटचा मेल आला की सोमवारी सकाळी लेबलचे तीन नवे पर्याय हवेत. पहिल्या एजन्सीत क्रिएटिव्ह डायरेक्टरने (डिझाइन टीमच्या प्रमुखाने) स्वतः फोन केला आणि हे पर्याय कोणासमोर व कधी मांडायचे आहेत, एवढेच विचारले. क्लायंटची अंतर्गत बैठक गुरुवारी होती; काम बुधवारी देण्याचे ठरले आणि कोणाचीही सुटी गेली नाही. दुसऱ्या एजन्सीत तशाच मेलला वरिष्ठांनी टीमला न विचारता "नक्की देतो" असे उत्तर दिले आणि तोच मेल "कृपया बघून घ्या" एवढ्या ओळीसह आमच्याकडे पाठवला. ते पर्याय क्लायंटने पुढे कित्येक दिवस उघडूनही पाहिले नाहीत. दोन्ही वरिष्ठ हुशार होते, दोघांनाही उत्तम डिझाइन कळत होते. एकाने दबाव स्वतःपाशी थांबवला, दुसऱ्याने तो खाली सरकवला. माझ्या मते एजन्सीतील नेतृत्वाची पारख इथेच होते.

मधला_दुवा

मी क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये, म्हणजे क्लायंट आणि डिझायनर यांच्यातला दुवा सांभाळणाऱ्या विभागात आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. डिझायनर मंडळींना असे वाटते की आम्ही क्लायंटसमोर मान डोलावून येतो आणि काम त्यांच्यावर टाकतो. पण नकार देण्यासाठी हातात काहीतरी लेखी असावे लागते. मी काम केलेल्या एका ठिकाणी करारातच "क्लायंटचे समाधान होईपर्यंत बदल करून दिले जातील" असे वाक्य होते. तो करार मालकांनी केला होता आणि मला तो काम सुरू झाल्यानंतर वाचायला मिळाला. बदलांच्या किती फेऱ्या मानधनात धरल्या आहेत, त्यानंतरच्या फेरीला किती जादा शुल्क लागेल आणि क्लायंटकडून अंतिम मान्यता कोणती एक व्यक्ती देईल, या तीन गोष्टी कागदावर नसतील तर समोरच्याला थांबवण्याचा मला काहीच आधार उरत नाही.

यातला तिसरा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आहे. मार्केटिंग विभागाने मान्य केलेला लेआउट विक्री विभाग नाकारतो, मग तो वरिष्ठांकडे जातो आणि तिथे सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. क्लायंटच्या घरातला हा मतभेद एजन्सीच्या टीमने रात्री जागून का सोडवावा? ब्रीफ (कामाची मागणी आणि अपेक्षा) घेतानाच "अंतिम निर्णय कोणाचा?" हे विचारण्याची सवय जिथे आहे, तिथे आमचे आणि डिझायनरांचे संबंध चांगले राहतात, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे कोरा_कागद, आपला प्रश्न योग्य आहे, पण नकार फोनवर देण्याच्या कितीतरी आधी तो करारात द्यावा लागतो, आणि त्या वेळी टेबलावर ना डिझायनर असतो ना सर्व्हिसिंगचा माणूस.

सावकाश

मी एक छोटा स्टुडिओ चालवतो, म्हणून ज्यांच्याबद्दल इथे लिहिले जात आहे त्या बाजूचा मी आहे. मधला_दुवा यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. मालक होकार का देतात, याचे उत्तर बहुतेक वेळा स्वभावापेक्षा हिशोबात सापडते.

एजन्सी शेवटी माणसांचा वेळ विकते. ठरावीक मानधनावर घेतलेल्या कामात प्रत्येक जादा फेरी नफ्यातून वजा होते, पण ती पगारपत्रकावर कुठेच दिसत नाही, कारण जादा तासांचे पैसे दिलेलेच नसतात. म्हणजे करारातली चूक कर्मचाऱ्यांच्या झोपेतून भरून काढली जाते आणि वहीखात्यात सगळे ठीक दिसते. टाइमशीट भरून घेणाऱ्या एजन्सींबद्दल तक्रारी खूप असतात आणि त्यातल्या अनेक रास्त आहेत. पण टाइमशीटचा खरा उपयोग कर्मचाऱ्यावर नजर ठेवण्यासाठी नसून, कोणते काम कमी किमतीत विकले गेले हे मालकाला दाखवण्यासाठी आहे. ज्या ठिकाणी "आठ तासांपेक्षा जास्त भरू नका" असे सांगितले जाते, तिथे मालकाने स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधून घेतलेली असते.

दुसरे कारण म्हणजे एकाच मोठ्या क्लायंटवरचे अवलंबित्व. उत्पन्नाचा निम्मा भाग एकाकडून येत असेल, तर त्याला नकार देणे म्हणजे निम्म्या लोकांचा पगार पणाला लावणे असते. अशा एजन्सीत कितीही भली माणसे वर बसवली तरी वागणूक भित्रीच राहते. आम्ही कोणत्याही एका क्लायंटचा वाटा चौथ्या हिश्श्याच्या वर जाऊ देत नाही. त्यासाठी काही आकर्षक कामे सोडावी लागली आणि स्टुडिओ छोटाच राहिला, हे मला मान्य आहे. विनामोबदला पिचही (काम मिळवण्यासाठी आधीच करून दाखवायचे डिझाइन) आम्ही करत नाही, कारण हरलेल्या पिचचा खर्च शेवटी जिंकलेल्या कामावरच्या माणसांकडून वसूल होतो.

मालकीची रचना बदलली की वागणूक बदलते, याचे एक उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. 1972 मध्ये लंडनमध्ये पाच डिझायनरांनी पेंटाग्राम सुरू केले. तिथे वर एकच प्रमुख नसतो, प्रत्येक भागीदार स्वतःची टीम चालवतो आणि स्वतः डिझाइन करतो, आणि कोणी किती काम आणले याचा विचार न करता भागीदार नफा समान वाटून घेतात. एखाद्या वर्षी कमी कमावणारा भागीदार धोकादायक क्लायंट सोडू शकतो, ते या रचनेमुळे. अर्थात ही समानता भागीदारांपुरती आहे. त्यांच्या हाताखालच्या डिझायनरांना ती आपोआप मिळत नाही.

निळी_शाई

मी या क्षेत्रात नवीन आहे. पैसे आणि करार यांपर्यंत आमचे कोणी जात नाही, त्यामुळे आमच्यासाठी संस्कृती म्हणजे रिव्ह्यू. मी सध्या जिथे आहे तिथे प्रत्येक कामाचा रिव्ह्यू संस्थापक स्वतः करतात. ते स्क्रीनकडे पाहून "यात मजा नाही" किंवा "अजून धाडसी हवे" असे म्हणतात आणि पुढच्या बैठकीला जातात. त्यांची नजर खरोखर उत्तम आहे, याबद्दल मला शंका नाही. पण ती नजर आमच्यापर्यंत पोहोचत नाही. आम्ही क्लायंटच्या ग्राहकासाठी डिझाइन करण्याऐवजी त्यांना काय आवडेल याचा अंदाज बांधतो, आणि त्यांना पूर्वी आवडलेल्या टाइपफेस आणि रंगांभोवतीच फिरत राहतो.

प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री सगळे बदलणे हेही नेहमीचे आहे. तीन आठवडे ज्या कामाकडे कोणी पाहिले नाही, ते शेवटच्या संध्याकाळी पाहिले जाते आणि नव्याने करायला सांगितले जाते. सकाळी काम चांगले दिसते, क्लायंट कौतुक करतो, आणि मग हीच पद्धत योग्य आहे असे सर्वांना वाटू लागते. बैठकीत मी काही बोलत नाही. माझ्याबरोबर आलेल्या मुलीने एकदा वेगळे मत मांडले, तेव्हा तिला "आधी शिकून घे" असे सर्वांसमोर सांगण्यात आले. त्यानंतर आमच्यापैकी कोणीच बोलत नाही.

आडवी_रेघ

निळी_शाई, तुम्ही वर्णन केलेल्या शांततेवर बराच अभ्यास झालेला आहे. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयातील टीममध्ये औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त आहेत असे त्यांना आढळले. त्या टीम अधिक चुका करत नव्हत्या, तर चूक सांगण्याची तिथे भीती नव्हती. त्यातूनच पुढे 1999 च्या त्यांच्या शोधनिबंधात मानसिक सुरक्षिततेची, म्हणजे बोलल्यामुळे अपमान किंवा शिक्षा होणार नाही या टीममधल्या विश्वासाची, मांडणी आली. गूगलनेही 2012 पासून स्वतःच्या सुमारे 180 टीमचा अभ्यास केला आणि टीम प्रभावी ठरण्यामागे हाच घटक सर्वांत महत्त्वाचा निघाला. डिझाइनमध्ये तर याची गरज दुप्पट आहे, कारण इथे प्रत्येकाला रोज अर्धवट, कच्चे काम इतरांसमोर ठेवावे लागते. कच्चे काम दाखवण्याची भीती बसली की लोक ते लपवतात, आणि ते लपले की शेवटच्या रात्रीशिवाय ते कोणाच्या नजरेस पडत नाही. म्हणजे तुम्ही लिहिलेल्या दोन तक्रारी मुळात एकच आहेत.

मी बरीच वर्षे डिझाइन टीम सांभाळतो आहे. आमच्याकडे रिव्ह्यू सुरू करताना काम मांडणारा आधी सांगतो की काम कोणत्या टप्प्यावर आहे आणि त्याला कशाबद्दल मत हवे आहे. दिशा ठरत असताना कोणी अक्षरांमधल्या अंतराबद्दल बोलायचे नाही, आणि आर्टवर्क (छपाईसाठी तयार केलेली अंतिम फाइल) छपाईला जाताना कोणी मूळ कल्पनेवर घसरायचे नाही. सर्वांत वरिष्ठ माणूस शेवटी बोलतो. हा शेवटचा नियम पाळायला सर्वांत अवघड आहे, मलाही रोज प्रयत्न करावा लागतो, पण माझे मत आधी बाहेर पडले तर त्यानंतरची सगळी मते त्याचीच उजळणी होतात.

अधिकाराचा प्रश्नही इथे येतो. पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत सहसंस्थापक एड कॅटमल यांच्या काळात रुजलेल्या ब्रेनट्रस्ट या पद्धतीत अनुभवी मंडळी अपुऱ्या चित्रपटावर अत्यंत स्पष्ट टीका करतात, पण त्यांची सूचना मानण्याचे बंधन दिग्दर्शकावर नसते. टीका कडक असूनही ती सोसता येते, कारण काम हिरावून घेतले जाणार नाही याची खात्री असते. एजन्सीत बहुतेक ठिकाणी याच्या उलट घडते: टीका मोघम असते आणि माउस मात्र हातातून काढून घेतला जातो.

एकत्र बसून कल्पना काढण्याच्या बैठकांबद्दलही थोडे लिहितो. ही पद्धत लोकप्रिय केली ती बीबीडीओ या जाहिरात एजन्सीच्या अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी. 1958 मध्ये येल विद्यापीठातल्या प्रयोगात मात्र असे दिसले की चौघांनी एकत्र बसून काढलेल्या कल्पनांपेक्षा चौघांनी वेगवेगळे बसून काढलेल्या कल्पनांची बेरीज जास्त भरते. म्हणून आधी प्रत्येकाने एकट्याने लिहून आणायचे आणि मग एकत्र बसायचे, असे आम्ही करतो. नवीन माणसाची कल्पना भिंतीवर येते ती याच कारणाने. मोठ्या आवाजाच्या माणसाशी त्याला स्पर्धा करावी लागत नाही.

उभी_ओळ

श्रेयाचा विषय अजून आलेला नाही. माझ्या पाहण्यात लोक सर्वांत कडवट होऊन बाहेर पडतात ते जादा तासांमुळे नव्हे, तर श्रेय न मिळाल्यामुळे. डिझायनरचा पुढचा पगार, पुढची नोकरी, सगळे पोर्टफोलिओवर अवलंबून असते. पुरस्काराच्या यादीत फक्त संस्थापकांचे नाव जाते, संकेतस्थळावरच्या केस स्टडीत "आमच्या टीमने" एवढेच लिहिले जाते, आणि नोकरी सोडताना गोपनीयतेचा करार पुढे करून काम दाखवायलाही मनाई केली जाते.

हे आजचे नाही. 1946 मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर दांपत्याच्या फर्निचरचे प्रदर्शन भरले, तेव्हा श्रेय एकट्या चार्ल्स यांना देण्यात आले; रे ईम्स यांना नाही आणि सहकाऱ्यांनाही नाही. त्या सहकाऱ्यांपैकी हॅरी बर्टोइया बाहेर पडले आणि पुढे 1950 च्या दशकात त्यांनी नॉल या फर्निचर कंपनीसाठी तारेच्या खुर्च्या घडवल्या, ज्या आजही तयार होतात. वास्तुकलेत 1991 चा प्रित्झ्कर पुरस्कार रॉबर्ट व्हेंच्युरी यांना मिळाला, पण त्यांच्या बरोबरीच्या भागीदार डेनिस स्कॉट ब्राउन यांना वगळण्यात आले. 2013 मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थिनींनी दुरुस्तीची मागणी करूनही ती मान्य झाली नाही. श्रेय नाकारण्याचा निर्णय एका दिवसात होतो आणि तो दुरुस्त करायला वीस वर्षांनंतरही कोणी तयार नसते.

उपाय सोपा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. काम संपते त्याच आठवड्यात, कोणी काय केले याची नोंद करून ठेवावी: संकल्पना, लेखन, टाइपोग्राफी, आर्टवर्क, प्रकल्प-समन्वय. आर्टवर्क करणाऱ्यांना तर यात कायम वगळले जाते, वास्तविक छपाईतल्या चुका तेच वाचवतात.

दुसरी_पाळी

जादा तासांचे महत्त्व उभी_ओळ यांना कमी वाटते, त्याबद्दल मी असहमत आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला 55 किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के अधिक आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे 17 टक्के अधिक असतो. पिचच्या महिन्यात 55 तास ही आमच्याकडे किमान संख्या असते.

आपल्या जवळच्या क्षेत्रातले सर्वांत गंभीर उदाहरण जपानमधल्या देंत्सू या जाहिरात कंपनीचे आहे. डिसेंबर 2015 मध्ये तिथल्या 24 वर्षांच्या एका कर्मचारी तरुणीने जीवन संपवले आणि पुढच्या वर्षी तो मृत्यू अतिश्रमामुळे झाल्याचे सरकारने मान्य केले. 2017 मध्ये न्यायालयाने कंपनीला 5 लाख येन दंड केला. या कंपनीत 1951 मध्ये तत्कालीन अध्यक्षांनी लिहिलेले दहा नियम कर्मचाऱ्यांच्या डायरीत छापले जात असत, आणि हाती घेतलेले काम जीव गेला तरी सोडू नये, अशा आशयाचा नियम त्यात होता. या प्रकरणानंतर ते नियम डायरीतून काढण्यात आले. पासष्ट वर्षे तो मजकूर रोज हाताळला जात होता आणि कोणालाही तो काढावासा वाटला नाही, याचा विचार "आमच्याकडे सगळे झपाटलेले लोक आहेत" असे अभिमानाने सांगणाऱ्या प्रत्येक क्रिएटिव्ह डायरेक्टरने करावा.

मधला_दुवा

दुसरी_पाळी यांच्या प्रतिसादानंतर एक गोष्ट लिहावीशी वाटते. "आपण सगळे एक कुटुंब आहोत" हे वाक्य ज्या एजन्सीत सर्वांत जास्त ऐकले, तिथेच सुटी मागताना सर्वांत जास्त अपराधी वाटत असे. मोठा रिटेनर (दरमहा ठरावीक रक्कम देणारा क्लायंट) गेला तेव्हा त्याच कुटुंबातल्या माणसांना एका दुपारी बोलावून निरोप देण्यात आला. कपात करावी लागली याबद्दल माझी तक्रार नाही. क्लायंट गेल्यावर पैसा कुठून येणार? पण तो रिटेनर डगमगत असल्याचे वरच्यांना बऱ्याच आधीपासून माहीत होते, आणि ते खाली सांगितले असते तर काहींनी स्वतःहून दुसरीकडे पाहिले असते.

कोरा_कागद

सर्वांचे आभार. मधला_दुवा, नकार करारातच द्यावा लागतो हा तुमचा मुद्दा मला पूर्ण पटला. एक भर घालतो. आपल्या क्षेत्रात उत्तम डिझायनरला बढती म्हणून माणसे सांभाळायला देतात, आणि त्यासाठीचे कसलेही प्रशिक्षण देत नाहीत. त्याला क्लायंटशी मानधनावर बोलता येत नाही, कनिष्ठाला काम समजावून सांगता येत नाही, आणि डिझाइन करण्याचा आनंदही गेलेला असतो. मग तो इतरांच्या हातातला माउस घेतो. ज्यांना डिझाइनच करत राहायचे आहे त्यांना तेवढ्याच पगाराची वेगळी वाट उपलब्ध असेल, तर निळी_शाई यांनी सांगितलेले निम्मे प्रकार कमी होतील, असे मला वाटते.

निळी_शाई

मी दुसरीकडे मुलाखती देते आहे. आत जाण्यापूर्वी हे सगळे कसे ओळखावे? मुलाखतीत सगळेच चांगले बोलतात.

आडवी_रेघ

"तुमची संस्कृती कशी आहे?" असे विचारू नका, त्याला ठरलेले उत्तर मिळते. नुकत्याच झालेल्या एखाद्या कामाची हकिकत विचारा: बदलांच्या किती फेऱ्या झाल्या, मधे कोणी कोणाला थांबवले, संस्थापकांनी ते काम पहिल्यांदा कोणत्या टप्प्यावर पाहिले. हकिकत सांगताना माणसे लपवू शकत नाहीत. तुमच्या हाताखालून जाणारे काम पोर्टफोलिओत केव्हा दाखवता येईल, हेही लेखी घ्या. आणि चाचणी म्हणून खऱ्या क्लायंटचे काम विनामोबदला करायला सांगितले, तर तिथे नोकरी लागल्यावर काय होईल हे तुम्हाला तेव्हाच कळलेले असते.

सावकाश

यात एक जोडतो. एजन्सी सोडून गेलेल्या एखाद्या माणसाशी बोलता येईल का, असे सरळ विचारा. आमच्याकडे उमेदवाराने विचारले तर आम्ही माजी सहकाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांचे क्रमांक देतो, आणि त्या संभाषणानंतर काही उमेदवारांनी आम्हाला नकारही कळवला आहे.